उत्तराची ओळ

“कागोशिमाचं जहाज नाही. वादळ वळलंय आपल्याकडं,” नाझे बंदरावरच्या तिकीटखिडकीतल्या बाईंनी मान लववून सांगितलं. “चार दिवस तरी विसरा.”

मी बाकावर बसले. आईचं वर्षश्राद्ध उरकलं होतं, तिचं घर विकलं गेलं होतं... मी ज्या बेटावर जन्मले, तिथं आता ‘ये, जेवून जा’ म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. टोकियोत मात्र माझी गाणी दुकानादुकानांत वाजायची. आईनं शिकवलेली बेटावरची गाणी, ड्रम आणि गिटारच्या साजात.

सवयीनं एक ओळ गुणगुणले. आणि मागून कुणीतरी उत्तराची ओळ गायली! आमच्याकडं गाणं असंच असतं – एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं.

वळून पाहिलं. रेशमाच्या लडींचं खोकं मांडीवर घेतलेला एकजण. हात कोपरापर्यंत काळेशार.

“माफ करा हं,” तो ओशाळला. “ओळ ऐकली की राहवत नाही.”

“आणि हे हात?”

“चिखलात रेशीम रंगवतो. रंग साबणाला दाद देत नाही, अन् हात सासऱ्यांच्या पसंतीला उतरत नाहीत.”

“सासरे आहेत?”

“हात बघूनच कुणी झालं नाही!”

त्याचं नाव त्सुनेआकी. वादळ येऊन गेलं, तरी समुद्र निवळेना. मी रोज त्याच्या चिखलाच्या खाचराकडं जाऊ लागले. तो गुडघाभर चिखलात लडी घोळवायचा, मी बांधावर बसून गायचे... आणि तो उत्तर द्यायचा. तिसऱ्या दिवशी ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

“टोकियोत तुला उत्तर कोण देतं गं?”

“मीच. आधी माझाच आवाज रेकॉर्ड करते, मग त्याच्यासोबत गाते.”

“म्हणजे रुसायचंही तूच, अन् समजूतही तूच काढायची?”

मी हसले... हसता हसता डोळे पुसले. त्यानं पाहिलं. आणि चिखलाचं बोट हळूच माझ्या नाकाला लावलं.

“चल ना माझ्याबरोबर,” मी म्हणाले. “दोघं गाऊ.”

तो लडी पिळू लागला. “ओसाकात तीन वर्षं होतो मी, कारखान्यात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून उशीत तोंड खुपसून गायचो. एक दिवस आवाज फुटेचना. इथं परतल्यावर वर्षभरानं आला... पुन्हा गेला तर, मिझुहो?”

मी बांधावरून उतरले आणि लडीचं दुसरं टोक धरलं.

पाचव्या दिवशी दुपारी जहाज लागलं. तो पोचवायला आला.

“निदान ‘थांब’ तरी म्हण,” मी म्हणाले.

“म्हटलं तर थांबशील. म्हणून तर म्हणत नाही.” तो कसंनुसं हसला. “पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे तुझा. हजार माणसं येतील.”

“त्यांत तू नसशील.”

त्यानं माझा हात हातात घेतला – पहिल्यांदाच. “आवडतेस तू मला. फार... आता जा. नाहीतर म्हणून बसेन.”

मी शिडी चढले. डेकवर उभी राहिले – तो दिसेनासा होईपर्यंत, मग बंदर, मग डोंगरही. आत सामायिक खोलीत सगळे प्रवासी चटयांवर आडवे झाले होते. मी भिंतीकडं तोंड करून पडले.

रडायची घाई नव्हती. कागोशिमा अजून अकरा तास दूर होतं.