अनुभवी वकील पाहिजे

"अहो... तुमचं ते चहात बुडतंय."

"काय?"

"ते. गळ्यातलं."

जिल्हा न्यायालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकाच बाकावर जागा होती, म्हणून हर्षाली गावित त्याच्या टोकाला टेकली होती. दुसऱ्या टोकाला एक तरुण वकील मांडीवरच्या फाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. त्याच्या गळ्यातला पांढरा बँड त्याच्याच कपात निवांत अंघोळ करत होता आणि साहेबांना पत्ताच नव्हता.

त्यानं दचकून बँड बाहेर ओढला, तो थेट शर्टावर आपटला. पांढऱ्या शर्टावर चहाचा भलाथोरला डाग पडला.

"झालं," तो शांतपणे म्हणाला. "आता दिवसभर कोट गळ्यापर्यंत लावून उकडून घेणं आलं."

हसायचं नाही असं ठरवूनही हर्षालीला हसू फुटलं. मग त्यालाही. ऑक्टोबरचं ऊन टपरीच्या पत्र्यातून गळत होतं, चहात आलं जरा जास्तच पडलं होतं, आणि त्या हसण्यानं तिच्या छातीवरचा दगड क्षणभर तरी हलला.

कारण हसण्यासारखं तिच्याकडे त्या दिवसांत काही उरलं नव्हतं. हर्षाली मूळची सुरगाण्याची, आदिवासी. कॉलेजसाठी नाशिकला आली आणि इथलीच झाली. निकिता नावाच्या मैत्रिणीबरोबर ती मोबाइलवर छोटासा न्यूज चॅनल चालवायची. खड्डे, पाणी, बंद पडलेली बस, असलेच विषय. मग एक दिवस तिला सकीनाआपा भेटल्या. दवाखान्यात नर्स होत्या. इंदिरानगरच्या एका सोसायटीत त्यांना फ्लॅट भाड्यानं मिळणार होता, सामान टेम्पोत चढलं होतं, आणि नाव ऐकल्यावर चेअरमनसाहेबांनी फोन करून सांगितलं, 'तुमच्या लोकांना आम्ही देत नाही.' त्या वेळी हर्षाली आपांच्या शेजारीच बसली होती. फोन स्पीकरवर होता आणि तिच्या मोबाइलचा कॅमेरा चालू होता.

व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. चेअरमननी दावा ठोकला. म्हणे, आवाज तोडूनजोडून बनवलाय, व्हिडिओ काढा आणि जाहीर माफी मागा.

"मग वकील दिला का?" शर्टावर रुमाल घासत त्या तरुणानं विचारलं. हर्षालीनं त्याला सगळं कधी सांगून टाकलं, ते तिलाच कळलं नव्हतं.

"तेच तर शोधतेय! अनुभवी वकील पाहिजे. नागरी हक्क, पत्रकारांच्या केसेस, असं सगळं कळणारा. भाग्यश्री देवरे मॅडम नवीन केसेस घेत नाहीत म्हणे. बाकी जिथं जावं तिथं एकच सल्ला, माफी मागून टाका, मोकळ्या व्हा."

"माफी चूक असली तर मागायची." त्यानं रुमाल खाली ठेवला. "त्या बाई आता राहतात कुठे?"

हर्षाली त्याच्याकडे बघतच राहिली. एवढ्या ऑफिसांत फिरली, पण हा प्रश्न कुणी म्हणजे कुणी विचारला नव्हता.

"देवळाली कॅम्पला, बहिणीकडे. रोज दोन बस बदलून ड्युटीला येतात." तिनं जरा थांबून विचारलं, "तुम्ही अशा केसेस लढवल्या आहेत?"

"एकही नाही. भाडेकरू, वाटण्या... आणि एक म्हैस."

"म्हैस?"

"दोघा भावांत एक म्हैस होती. मी धाकट्याचा वकील."

"जिंकलात?"

"म्हैस व्याली. मग एकानं म्हैस घेतली, एकानं रेडी. माझा काही संबंधच उरला नाही."

हर्षाली पुन्हा हसली. आणि अनुभवी वकील शोधायला निघालेली ही शहाणी मुलगी त्याच बाकावर वकीलपत्रावर सही करून मोकळी झाली. निकितानं नंतर तिला वेड्यात काढलं, पण ते व्हायचंच होतं.

वकीलपत्रावर नाव होतं ॲड. बी. टी. अहिरे. 'बी म्हणजे काय?' या प्रश्नाला त्यानं दोन भेटींपर्यंत दाद दिली नाही.

"बाळासाहेब?" ती विचारायची.

"केसशी संबंधित प्रश्न विचारा."

"बजरंग? बबन?"

"गावित मॅडम!"

शेवटी एकदा, कोर्टाच्या जिन्यात, तो पुटपुटला. "भिकन. सटाण्याकडे ठेवतात. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत... आईनं मला देवाकडे मागून घेतलं, म्हणून भिकन." मग घाईनं म्हणाला, "हसा आता."

ती हसली नाही. "छान आहे की," ती म्हणाली. "इतकं मनापासून मागितलेलं माणूस!" भिकनचे कान लाल झाले आणि तो उगाच भरभर जिना उतरून गेला.

पहिल्याच दिवशी त्यानं तिला एक गोष्ट बजावली होती. ज्या मोबाइलवर शूटिंग झालं तो आता वापरायचा नाही. बंद करायचा, पाकिटात सील करायचा आणि निकिताच्या कपाटात ठेवायचा. "उद्या ते म्हणतील तोडजोड केली. आपण म्हणू, हा घ्या मूळ फोन, तपासा."

तेव्हापासून हर्षालीच्या हातात बटणांचा एक जुना फोन आला. त्यावर ना फोटो, ना मेसेजचे निळे टिकमार्क. मग भिकनला फोनच करावा लागायचा. तो रोज संध्याकाळी करायचा, तारीख सांगायला. तारीख महिन्यातून एकदाच असायची, ही गोष्ट दोघांपैकी कुणीही काढली नाही.

"तर... पुढची तारीख तीच आहे," तो म्हणायचा.

"बदलली नाही ना?"

"नाही. जेवलात?"

"अजून नाही. तुम्ही?"

"मी... हो. म्हणजे, वडापाव."

"ते जेवण नव्हे, वकीलसाहेब."

असं कितीतरी वेळ चालायचं. एकदा त्यानं विचारलं, या व्हिडिओसाठी तुम्ही एवढ्या का पेटलात? मग तिनं सांगितलं, कॉलेजला आली तेव्हा खोली बघायला गेलं की मालकीणबाई आधी गाव विचारायच्या, आणि सुरगाणा म्हटलं की वरपासून खालपर्यंत बघायच्या. मग खोली अचानक 'आधीच गेलेली' असायची. "मला तेव्हा कुणी बोलतं केलं नाही," ती म्हणाली. "आपा बोलल्या. आता मी माफी मागितली तर त्या खोट्या ठरतात." मग तो एवढंच म्हणाला, "नाही ठरणार."

त्या रात्री तिला नीट झोप लागली. आणि हो, ती त्याच्या प्रेमात पडली होती. उगाच आडपडदा कशाला ठेवायचा?

मग नोव्हेंबरची तारीख आली. हवेत गारवा शिरला होता, कोर्टात निम्मे लोक स्वेटर घालून आले होते. चेअरमननी मुंबईहून बडे वकील आणले होते. त्यांचा आवाज गोड, मराठी झुळझुळीत. त्यांनी हर्षालीकडे बोट केलं. "साहेब, ही मुलगी पत्रकार वगैरे काही नाही. प्रसिद्धीची हाव आहे हिला. लोकांची अब्रू विकून पोट भरणाऱ्यांतली..."

"तोंड सांभाळून बोला!"

भिकन उभा होता. मुठी आवळलेल्या, चेहरा लालभडक. सगळं कोर्ट त्याच्याकडे वळलं. मुंबईचे वकील मात्र हलकेच हसले, त्यांना हवं ते मिळालं होतं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि भिकनला चांगलं फैलावर घेतलं. त्यानंतर त्याला धड एक मुद्दा मांडता आला नाही. कागद खाली पडले, परिच्छेद चुकला, आणि व्हिडिओवर बंदी घालायच्या मनाईच्या अर्जावर पुढच्या तारखेला निकाल देतो असं सांगून न्यायाधीश उठले.

बाहेर व्हरांड्यात सकीनाआपा म्हणाल्या, "बेटा, तू माफी माग आणि सुटून जा. मी वाईट वाटून घेणार नाही. खरंच." त्यांनी हे इतक्या मायेनं म्हटलं की हर्षालीला रडूच कोसळलं.

आणि त्या संध्याकाळी फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी भिकनच आला, टपरीवर, दाढी वाढलेली. त्यानं बाकावर दोन कागद ठेवले. एक नवं वकीलपत्र, त्यावर ॲड. भाग्यश्री देवरे हे नाव. दुसरा कागद त्याच्या सहीचा, की दुसरा वकील द्यायला माझी ना हरकत आहे.

"देवरे मॅडम तयार झाल्यात," तो म्हणाला. "तीस वर्षं त्यांनी हेच केलंय. पत्रकार, वस्त्या, हक्क... तुम्हाला हव्या होत्या तशाच. इथं सही करा."

"म्हणजे? मला सोडताय?"

"केस सोडतोय."

"का?"

त्यानं पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढं ठेवलं. "मला जमणार नाही," एवढंच म्हणाला.

"एका झापण्यानं घाबरलात?" हर्षालीचा आवाज चढला. "मला वाटलं होतं तुम्ही वेगळे आहात. पळपुटे निघालात. म्हशीचीच केस बरी तुमच्यासाठी!"

सही करून तिनं कागद त्याच्याकडे सरकवला आणि मागं न बघता निघाली. सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत ती रागानं चालत होती. तिथून पुढं ती कशानं चालत होती, हे तिला सांगता आलं नसतं.

निकालाच्या दिवशी भाग्यश्रीबाई उभ्या राहिल्या आणि निकालाआधी बाजू मांडायची परवानगी त्यांनी मागून घेतली. साठीच्या, बारीक चणीच्या, केस आखूड. मुंबईच्या वकिलांनी पुन्हा तेच सुरू केलं, हाव, अब्रू, पोट. बाईंच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. ते संपेपर्यंत त्या थांबल्या, मग म्हणाल्या, "माझ्या विद्वान वकील मित्रांचं मुलीबद्दल बोलून झालं असेल, तर आपण आता त्या फोनबद्दल बोलू या का?"

निकिताच्या कपाटातलं पाकीट सीलसकट टेबलावर आलं. बाईंनी मागणी केली की फोन हवा तिथं तपासून घ्या, आम्ही तयार आहोत. चेअरमनसाहेबांनी फक्त एवढंच सांगावं की तो आवाज माझा नाही. न्यायाधीशांनी चेअरमनकडे पाहिलं. चेअरमन वकिलांकडे बघू लागले. वकील फाइल चाळू लागले. ती फाइल बराच वेळ चाळली गेली.

मनाईचा अर्ज फेटाळला गेला. दावा चालेल तितका चालो, व्हिडिओ राहणार होता. माफीचा प्रश्नच नव्हता. सकीनाआपांनी हर्षालीला मिठी मारली आणि आपल्या ओढणीनं आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे.

हर्षालीची नजर मात्र कोर्टाच्या शेवटच्या बाकाकडे गेली. तिथं भिकन उभा होता. तिनं बघताच तो गर्दीत मिसळला.

"मॅडम," तिनं पायऱ्या उतरताना भाग्यश्रीबाईंना विचारलं, "तुम्ही नवीन केसेस घेत नाही ना? मग माझी कशी घेतली?"

बाई थांबल्या. "अहिरेनं सांगितलं नाही?"

"नाही."

"माझाच ज्युनियर तो. तापट. तीन वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून, दार आपटून गेला. त्यानंतर कोर्टात समोर आला तरी मान वळवायचा. गेल्या महिन्यात एक दिवस सकाळी दारात उभा. म्हणाला, बाई, चुकलो, माफ करा. मी विचारलं, आज कसं काय सुचलं? तर म्हणतो, तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं की मला कायदा आठवत नाही. तिला वकील पाहिजे, आणि मी आता तिचा वकील राहिलो नाही." बाईंनी पर्सची चेन लावली. "तुला माफी मागावी लागू नये म्हणून पोरगा स्वतः मागून गेला. आता मला गाडी पकडू दे."

हर्षाली पायरीवर तशीच उभी राहिली. तिला आठवलं, आपण त्याला काय काय बोललो. मग ती धावतच सुटली.

भिकन टपरीवर होता, त्याच बाकाच्या त्याच टोकाला. ती धापा टाकत समोर येऊन उभी राहिली.

"मला... माफी मागायची आहे," ती म्हणाली.

तो गडबडला. "चूक असली तरच मागायची."

"आहे. मोठी आहे. पळपुटे म्हणाले तुम्हाला. म्हशीवरूनही बोलले."

"म्हशीचं मात्र लागलं होतं जरा."

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. शेजारी बसली. टपरीवाल्यानं न सांगता आणखी एक चहा ठेवला. 

"सांगायचं होतं ना मला," ती हळूच म्हणाली.

"कसं सांगणार? तोवर तुम्ही माझ्या अशील होतात. अशिलाला असलं काही..."

"आता नाहीये."

"हो. आता नाहीये." त्यानं घसा साफ केला. कपाशी चाळा केला. पुन्हा घसा साफ केला. "म्हणजे, मुद्दा असा आहे की... एकंदर परिस्थिती पाहता..."

"वकीलसाहेब, मुद्द्यावर या."

तो खाली बघत, अगदी हळू, आईशी बोलतो त्या बोलीत म्हणाला, "तू माले आवडस."

हर्षालीला अहिराणी येत नव्हती, पण यात न कळण्यासारखं होतं काय?

"मराठीत सांगा," तरी ती म्हणाली.

"मराठीत लाज वाटते."

"मग फोनवर सांगा. संध्याकाळी. तारखेच्या निमित्तानं." ती बाकावर थोडी त्याच्याकडे सरकली. "आणि मलाही. मलाही तेच... आवडस."

भिकननं झटकन मान वर केली, पुन्हा खाली घातली आणि भलत्याच आनंदात कपावर ओणवा झाला. त्याचा पांढरा बँड हळूहळू चहाकडे निघाला. या वेळी हर्षालीनं सांगितलं नाही. तिनं तो दोन बोटांनी वरच्या वर धरला, आणि चहा संपून गार झालेला कप टपरीवाला उचलून घेऊन गेला तरी सोडला नाही.