नारबोद आणि रजतचा खांदा

“अरे रजतदादा, हळद कुठे लावून राह्यला? खांद्याले लाव ना! सर्जाच्या पोटाले काय लावतो?” पियुष खिदळत ओरडला.

पोळ्याची आदली संध्याकाळ होती. कटंगीजवळच्या त्या गावात घरोघरी बैलांची खांदशेकणी चालली होती. वर्षभर जू ओढून निबर झालेले खांदे गरम पाण्याने शेकायचे, त्यांना हळद-तूप चोळायचं आणि बैलाच्या कानात सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!’ बालाघाटहून सुट्टीत काकांकडे आलेल्या श्रियाला आणि तिच्या धाकट्या भावाला, पियुषला, हा सोहळा भारी आवडायचा. शेजारची मयुरी तर तुपाची वाटी घेऊन सगळ्यांच्या पुढे होती.

रजत हा श्रिया-पियुषचा चुलतभाऊ. आठवीत होता आणि शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. पोळा झाला की बालाघाटला निवड चाचणी होती. तिथे नाव लागलं की राज्याच्या संघात जायचं स्वप्न होतं. स्वप्न कोणाचं, ते मात्र विचारू नका! त्याबद्दल रजतपेक्षा त्याचे बाबा, खेमराजकाका, जास्त बोलायचे.

रजतने डाव्या हाताने सर्जा बैलाच्या खांद्यावर कशीबशी हळद थापली आणि तो गुपचूप घरात निघून गेला.

“पाहिलं?” श्रिया कुजबुजली. “उजवा हात त्याने उचललाच नाही!”

“हौ ना! सकाळी पाणीही डाव्या हातानंच भरून राह्यलता,” मयुरी म्हणाली. “मले वाटलं, नवीन फॅशन असन!”

“आणि काल त्यानं मले आपली भजी देऊन टाकली,” पियुष म्हणाला.

“भजी दिली? मग तर तो नक्कीच बिमार आहे!” मयुरीने डोळे मोठे केले.

तिघंही हसले, पण श्रियाचं हसणं लगेच थांबलं. ती आत गेली. रजत भिंतीला टेकून बसला होता आणि उजवा खांदा डाव्या हाताने दाबत होता.

“दादा, काय झालं? खरं सांग!”

“काही नाही. सांगून काय होते? जा ना तुम्ही, खेळा.” त्याने तोंड फिरवलं, पण डोळ्यांतलं पाणी श्रियाला दिसलंच.

दुसऱ्या दिवशी पोळा. सगळ्या गावाला सुट्टी, बैलांनाही सुट्टी. रजत मात्र सकाळीच बेसबॉलचा ग्लव्ह घेऊन काकांच्या मागे शाळेच्या मैदानाकडे निघाला!

“चला, मागे मागे जाऊ,” श्रिया म्हणाली. “आवाज नको करायचा. पियुष, ते चणे चावणं बंद कर!”

मैदानाच्या कडेला पळसाची दाट झुडपं होती. तिघंही त्यांच्या आड दबून बसले. शाळेच्या संघाचे प्रशिक्षक वीरेंद्र सर मोटारसायकल लावून उभेच होते. सर एकेकाळी क्रिकेटमध्ये गोलंदाजी करायचे, आणि बेसबॉल ते मोबाइलवर बघून शिकले होते. गोलंदाज दिवसभर चेंडू टाकतो, तर पिचरला काय धाड भरली, असा त्यांचा साधा हिशेब होता. मुलाच्या हाडामासाचा त्यात कुठेच पत्ता नव्हता.

“खेमराजभाऊ, स्पीड कम हो गई इसकी,” सर म्हणाले.

“फेक बाबू, जोरानं फेक!” काका ओरडले. “चाचणीत स्पीडच पाहातेत!”

रजतने चेंडू फेकला. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. पुन्हा फेकला. मग त्याने बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा फेकला. शेवटी त्याच्या हातून चेंडू सुटून पायाजवळच पडला.

सर पुढे आले. त्यांनी खिशातून गोळी काढली, रजतला पाण्यासोबत गिळायला लावली आणि त्याच्या खांद्यावर कसलासा फवारा मारला. “अब दर्द नहीं होगा. दर्द सहेगा तभी तो चैंपियन बनेगा!”

“फेकून फेकून मोकळा होते हात,” काकांनी री ओढली.

आता मात्र श्रियाला राहवेना. ती झुडपातून उठून धावतच पुढे गेली. “काका, त्याचा हात दुखतोय! गोळ्या काय देता? दवाखान्यात घेऊन जा ना!”

काका आधी दचकले आणि मग भडकले. “लपून पाहून राह्यले? काहून मोठ्यायच्या मधात बोलता? खेळाडूचं अंग दुखतेच! खबरदार घरी काही बोलले तर!”

“बेटा, तुम गुड़िया से खेलो,” सर हसले.

रजतने खाली वाकून डाव्या हाताने चेंडू उचलला.

परत येताना श्रियाचे कान रागाने लाल झाले होते. “काकूंना सांगूया?”

“काकू काकांपुढे बोलते काय?” मयुरीने मान हलवली. “मागं सर्जाचा खांदा सुजला, तर याच काकानं धानाच्या रोवणीले ट्रॅक्टर आणला होता. बैलाले जुवाखाली नेलंच नाही! सगळं गाव म्हणे, खेमराजचं मन मोठं!”

“बैलासाठी ट्रॅक्टर आणि पोरासाठी गोळी!” पियुष पुटपुटला.

मयुरी एकदम थबकली. “काय म्हटलं? परत म्हण! अबे, उद्या नारबोद आहे!”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावात नारबोद निघते. गवत-फांद्यांची ती बाहुली गावाबाहेर नेऊन जाळायची आणि मोठ्याने ओरडून गावातली रोगराई तिच्यासोबत घालवून द्यायची. त्या दिवशी कोणी काहीही ओरडलं तरी रागवायचं नाही, असा गावाचा रिवाज होता.

“तेव्हा तर काका आपल्याला गप्प बसवू शकत नाहीत!” श्रियाचे डोळे चमकले.

पहाटे सगळं गाव गल्लीत जमलं. पुढे नारबोद आणि मागे पोरासोरांचा गलका!

“खोकला-पडसं घेऊन जा गे नारबोद!”

“डास-माश्या घेऊन जा गे नारबोद!”

खेमराजकाकाही हसत हसत ओरडत होते. शेजारी रजत मान खाली घालून चालत होता. त्याला सरावाला न्यायला आलेले वीरेंद्र सर गर्दीत मोटारसायकलसकट अडकले होते. मिरवणूक चावडीसमोर आली आणि श्रियाने खूण केली. तिघंही ओट्यावर चढले.

“बैलाले ट्रॅक्टर, पोराले गोळी, घेऊन जा गे नारबोद!”

लोक हसले. पोरांनी दुप्पट आवाज काढला.

“दुखऱ्या खांद्याले फवारा मारून खेळवणारे, घेऊन जा गे नारबोद!”

हसू विरलं. माणसं एकमेकांकडे बघू लागली. काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि सरांची मोटारसायकल काही केल्या सुरू होईना!

सरपंच दुर्गाबाई पुढे आल्या. “थांबवा नारबोद! कोणाच्या पोराले गोळी देऊन राह्यले? बोला पोरायनो!”

“पोरं आहेत, मजाक करतेत,” काका घाईघाईने म्हणाले.

“मजाक असन तर पाहू. रजत, इकडं ये बाबू. उजवा हात वर कर.”

रजतने हात उचलला. तो छातीपर्यंत आला, थरथरला आणि खाली पडला. आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. पुढे कोणी विचारायची गरजच उरली नाही. दुर्गाबाईंनी आपली जीप काढली आणि काकांना, सरांना आणि चारही पोरांना तिच्यात कोंबून थेट बालाघाटचा दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे उजेडासमोर धरून पाहिला. मग ते म्हणाले, “वाढत्या वयातलं हाड आहे. जिथून ते वाढतं, तिथेच सुटत चाललंय. एवढं दुखत असताना फेकायला लावलं कुणी? या वर्षी चेंडूला हातही लावायचा नाही. पुढे पिचिंग करता येईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही.”

संध्याकाळी घराच्या अंगणात माणसं जमली. रजतचा हात गळ्यात बांधलेला होता. दुर्गाबाईंनी तिघांना पेढे भरवले. “पोरायनं शोध लावला म्हणून निभावलं! नाही तर हात कायमचा गेला असता!”

“बच्चों ने कमाल कर दिया,” वीरेंद्र सरही म्हणाले. त्यांना लाज कशी वाटली नाही, कोण जाणे!

खेमराजकाकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी श्रियाच्या पाठीवर हात ठेवला. “शाबास पोरी! आमचंच चुकलं. पण तुम्ही सांगितलं म्हणून समजलं. आमाले कसं माहीत राहीन, याचा हात इतका दुखते म्हणून?”

“मी सांगितलं होतं, बाबा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. रजत आज पहिल्यांदाच मोठ्याने बोलला होता.

“उन्हाळ्यातच सांगितलं होतं. इथंच, या अंगणात. तुम्ही म्हणाले, पोरीसारखा काहून रडतो? तेव्हापासून मी सांगणंच सोडलं.”

काकांचा हात अजून श्रियाच्या पाठीवर होता. ती हळूच त्या हाताखालून बाजूला सरकली आणि रजतजवळ जाऊन बसली.