दार विहिरीकडे होतं

त्या सकाळी मिस्त्री पेन्सिली आणायला निघाले होते. काम साधंच. सुतारकामाच्या चपट्या लाल पेन्सिली, एक डझन.

"गेल्या महिन्यात तर नेल्या होत्या," दुकानदार म्हणाला. "खाता की काय?"

मिस्त्री हसले नाहीत. हसायलासुद्धा अंगात थोडं त्राण लागतं, आणि त्यांच्या अंगात हल्ली गुडघेदुखीशिवाय काही उरलेलं नव्हतं. पुडकं खिशात कोंबून ते टेम्पोत बसले आणि खोऱ्याकडे निघाले. दोन्ही बाजूंना काळी खोडं उभी होती. पाच महिने रोज बघूनही त्यांची सवय होत नव्हती.

वणवा एका दुपारी डोंगरावरून उतरला आणि संध्याकाळपर्यंत खालच्या वस्तीतली बाराच्या बारा घरं जळून गेली. माणसं मात्र वाचली. वाचली ती पोस्टमनमुळे. तो सायकलवरून दारोदार फिरला, प्रत्येक दार बडवलं, सगळ्यांना नदीकडे पिटाळलं. शेवटी स्वतःच्या घराकडे वळला आणि धुरात दिसेनासा झाला. त्याची आई आणि बायको तोवर नदीवर पोचल्या होत्या, हे त्याला कोणी सांगितलंच नाही. नंतर ना तो सापडला, ना त्याची सायकल.

दूरच्या शहरातल्या चर्चच्या मंडळीनं मदत पथक धाडलं. पाळक, एक निवृत्त नर्सबाई, काही हौशी हात, आणि कामाची खरी जाण असलेले दोघंच: मिस्त्री आणि एक प्लंबर, ज्याला सगळे टवाळ म्हणत. मिस्त्रींनी बायकोला "दोन आठवड्यांत येतो" म्हणून सांगितलं होतं. तिनं आता फोनवर विचारणंही सोडलं होतं.

पथकाची एक रीत होती. घराचा लाकडी सांगाडा उभा राहिला, की भिंतींना फळ्या ठोकण्याआधी घरातल्यांनी आणि कामकऱ्यांनी आतल्या खांबांवर काहीतरी लिहायचं. कोणी शास्त्रातलं वचन लिही, कोणी नाव, कोणी मुलाची उंची मांडून ठेवी. मग फळ्या बसत आणि ते सगळं कायमचं आत जाई. "कोणाला दिसत नाही, पण घराला ठाऊक असतं," असं पाळक म्हणत. पेन्सिली संपत त्या यापायी.

पण पहिल्या घरापासून एक गोष्ट मिस्त्रींना खटकत होती. फळ्या ठोकायच्या दिवशी दाराशेजारच्या खांबावर कोळशानं दोन शब्द लिहिलेले असत.

हे नाही.

आणि खाली दोन रेघा. दुसऱ्या घरातही तेच, तिसऱ्यातही तेच. तिसऱ्या घरात मिस्त्रींनी रंधा घेतला आणि ते तासायला लागले. एक पापुद्रा निघाला, दुसरा निघाला, दहावा निघाला. काळं काही संपेना. कोवळ्या पांढऱ्या लाकडात शब्द आतपर्यंत उतरले होते. शेवटी त्यांनी रंधा ठेवला आणि टवाळाला गाठलं.

"मी?" टवाळ म्हणाला. "अहो मिस्त्री, मी लिहिलं असतं तर वाचून निदान हसू तरी आलं असतं."

ते खरं होतं. मिस्त्रींनी पुन्हा कोणाला विचारलं नाही. खांबाजवळ गेलं की जळक्याचा वास यायचा, पण त्या खोऱ्यात वास कुठे नव्हता? दमलेल्या माणसाला विचार करायचा नसला की असं काहीतरी कारण पुरतं. त्यांनी अकरा घरांत अकरा वेळा त्या दोन शब्दांवर फळी ठोकली.

बारावं घर पोस्टमनचं.

त्याची म्हातारी आई जागेच्या कडेला तंबूत सुनेबरोबर राहत होती. म्हातारीला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. पायाची आखणी चालली होती तेव्हाच ती काठी टेकत आली होती.

"मिस्त्री, दार कुठल्या अंगाला घेताय?"

"रस्त्याकडे, आजी. सगळ्या घरांचं तसंच आहे."

"आमचं विहिरीकडे होतं. तो पाऊलवाटेनं यायचा, विहिरीच्या कठड्याला सायकल टेकवायचा, की समोर दार. रात्रीबेरात्री दिवा नसला तरी बरोबर यायचा."

मिस्त्रींनी नकाशा पाहिला. दार फिरवायचं म्हणजे कापून आलेले सगळे खांब बदलायचे, आठवडाभराचं काम वाढवायचं. एरवी त्यांनी केलंही असतं. पण त्या दिवशी त्यांना नुसतं उभं राहायचाही कंटाळा आला होता.

"बघू," ते म्हणाले.

त्यांच्या 'बघू'चा अर्थ त्यांची बायको तीस वर्षं ओळखून होती. म्हातारी बिचारी समाधानानं परत गेली. दार रस्त्याकडेच झालं.

शुक्रवारपर्यंत सांगाड्यावर छप्पर चढलं. बाहेरच्या बाजूनं फळ्या लागल्या होत्या, आतल्या तेवढ्या राहिल्या होत्या. रविवारी प्रार्थना करून घर ताब्यात द्यायचं आणि सोमवारी पथकानं आपापल्या घरी जायचं, असं ठरलं होतं. थंडी सुरू झाली होती. म्हातारीचा खोकला सबंध वस्तीला ऐकू जाई. नर्सबाईंनी मिस्त्रींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "ही थंडी तंबूत काढली तर आजी काही राहत नाहीत."

आणि आजी घरात यायला तयार नव्हत्या.

"दाराशेजारचा खांब त्याच्यासाठी मोकळा ठेवा," त्यांनी हट्टच धरला. "तो येईल, लिहील, मग मी आत येईन. त्याच्याआधी मी कशी पाय ठेवू?"

सुनेनं समजावलं, पाळकांनी समजावलं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि खोकायची.

त्या दुपारी बाकीचे जेवायला गेले होते. मिस्त्रींना भूक नव्हती. ते आत खिळ्यांच्या डब्यावर बसले, पाठ खांबाला टेकली आणि डोळे मिटले. बाहेर वारा नव्हता. पक्षी तर त्या खोऱ्यात वणव्यापासून नव्हतेच.

खडी वाजली.

कोणीतरी चालत होतं, पाय ओढत. विहिरीच्या बाजूनं आवाज आला आणि मागच्या भिंतीशी थांबला. मग फळ्यांवरून हात फिरल्याचा आवाज. सावकाश, वरून खाली, मग थोडं सरकून पुन्हा वरून खाली. अंधारात आपण कडी शोधतो, तसा. भिंत चाचपत तो हात कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

"कोण आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

पावलं घराला वळसा घालून रस्त्याकडे आली. दार उघडंच होतं. लख्ख दुपार, समोर रिकामा रस्ता. पण घरात एकदम ऊब आली आणि ओल्या राखेचा वास नाकात शिरला. कोणीतरी उंबऱ्यापाशी उभं राहून दम खात होतं. मिस्त्रींना तो श्वास ऐकू येत होता आणि त्यांना भीती वाटत होती, पण त्या भीतीच्याही आत त्यांना त्या श्वासाची ओळख पटली. संध्याकाळी शेवटचा खिळा ठोकून झाल्यावर त्यांचा स्वतःचा श्वास असाच चाले.

मग खडी वाजली, दूर गेली, थांबली.

मिस्त्री उठले तेव्हा मोकळ्या खांबावर दोन शब्द होते. खाली दोन रेघा.

"काका, चहा आणलाय..." सून दारात आली आणि तिथंच थिजली. कपातला चहा हिंदकळून तिच्या हातावर सांडला, तरी तिनं कप सोडला नाही.

"हे कोणी लिहिलं?"

मिस्त्रींनी तिच्या हातातला कप काढून घेतला.

"त्यांचं अक्षर आहे हे." ती कुजबुजली. "या दोन रेघा... पत्ता चुकीचा असला की पाकिटावर अशाच मारायचे. काका, खरं सांगा..."

"अकराही घरांत आहे," मिस्त्री म्हणाले. "हेच. असंच."

ती खांबाजवळ आली. "म्हणजे दारोदार शोधत फिरतायत. आणि... स्वतःच्या घरालासुद्धा नाही म्हणाले?"

मिस्त्रींना मागची बंद भिंत आठवली आणि तिच्यावरून फिरणारा हात आठवला. दार विहिरीकडे नाही म्हणून, एवढंच सांगायला हवं होतं.

तेवढ्यात तंबूतून हाक आली. "सूनबाई! लिहिलं का गं त्यानं? मला पावलं ऐकू आली."

सुनेनं मिस्त्रींकडे पाहिलं. बाहेर म्हातारीला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबायचं नाव घेईना.

"लिहिलं, आजी!" मिस्त्री मोठ्यानं म्हणाले.

"काय लिहिलं?"

"लिहिलंय... आई, मी पोचलो."

मग काठी वाजत वाजत दारापर्यंत आली.

"खरं का गं?" म्हातारीनं सुनेला विचारलं.

सुनेचे डोळे भरून आले होते. "हो आई," ती म्हणाली.

म्हातारी आत आली. तिनं खांब चाचपला, अक्षरांवरून बोटं फिरवली, मग बोटं नाकाशी नेली. तिचा चेहरा एकदम सैल पडला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "दमला असेल."

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी त्या खांबावर स्वतः फळी ठोकली. एरवी चार खिळे पुरत. त्यांनी अकरा मारले.

रविवारी प्रार्थना झाली. पाळकांनी घराची किल्ली आजींच्या हातात दिली आणि टवाळासकट सगळ्यांनी डोळे पुसले. सोमवारी टेम्पो निघायच्या वेळी सून मिस्त्रींजवळ आली.

"काका, आई काल रात्री शांत झोपल्या. दाराला आतून कडी लावून." ती थांबली. "पण मागच्या भिंतीवरून कोणीतरी हात फिरवत होतं. मी ऐकलं. काका, दार विहिरीकडे असतं, तर...?"

खाली उतरावं, करवत काढावी, असं मिस्त्रींच्या मनात आलं. अगदी मनापासून आलं. पण सामान बांधून झालं होतं, टेम्पो चालू होता, आणि गुडघे ठणकत होते.

"बघू," ते म्हणाले. "उन्हाळ्यात येईन."

टेम्पो वळेपर्यंत ती दारात उभी होती.

मंगळवारी दुपारी मिस्त्री आपल्या गल्लीत उतरले. पाच महिन्यांनी स्वतःचं दार दिसलं आणि त्यांना रडूच फुटायचं राहिलं. बायकोनं दार उघडलं, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आलात? मला वाटलं, तिकडेच घर केलंत."

"पाणी दे आधी," मिस्त्री म्हणाले. हत्यारांची पिशवी त्यांनी दारातच टाकली.

"देते. तो कोण माणूस पाठवलात तुम्ही?"

"कोण माणूस?"

"पोस्टमन. टपाल काही नाही, हात रिकामे. सकाळी आला. अंगाला कसला तो जळका वास! म्हणाला, मिस्त्रींनी आईला सांगितलं की मी पोचलो. म्हणून विचारायला आलोय, कुठे पोचलो?"

मिस्त्रींचा हात चौकटीवर गेला. बोटांना काहीतरी भुसभुशीत लागलं. चौकटीवर कोळशानं तेच दोन शब्द लिहिलेले होते, खाली दोन रेघा होत्या.

"मग?" त्यांनी कसंबसं विचारलं. "गेला ना तो?"

"कुठला जातोय! चहा विचारला तर नको म्हणाला. तुम्ही येईपर्यंत थांबतो म्हणाला." बायकोनं आवाज खाली आणला. "मागच्या पायरीवर बसलाय बिचारा. पाय फार दुखतायत म्हणाला."

मिस्त्रींनी खाली टाकलेली पिशवी पुन्हा उचलली, करवत आहे ना ते चाचपलं. आत, मागच्या बंद दारावरून कोणीतरी सावकाश हात फिरवत होतं.