गोफणीचा फास

मामाचा पाय मोडला आणि होटगीच्या रानात ज्वारी राखायची पाळी शरणबसववर आली. सोलापुरात तो मोबाईलच्या काचा बसवायचा; गोफण कधी हातात धरली नव्हती. पहिल्याच सकाळी त्यानं ती डोक्यावर गरागरा फिरवली, सोडली... आणि दगडासकट अख्खी गोफण उडून शेजारच्या रानातल्या राखणीच्या उंच माळ्यावर जाऊन पडली. पाखरं कणसांवरच बसून होती. बहुतेक बघत होती.

त्या माळ्यावर त्या रानाचे मालक धुळाप्पा यांची लेक राजनंदिनी उभी होती. पहाटेपासून ओरडून तिचा घसा बसला होता.

"ओ पाव्हणं, पाखरं हाणताय का मला?"

"न्हाय हो... ती सुटली."

"हा फास बोटात घालायचा, त्यो सुटत न्हाय. दुसरं टोक तेवढं सोडायचं. दगुड न्हाय, ढेकूळ घ्यायचं. आन् आदी मागं कोण हाय बगायचं. कळलं?"

"व्हय."

कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ढेकूळ मागं गेलं आणि त्याच्याच डब्यातली आमटी सांडली. तिसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलची काच फुटली. ती मात्र त्यानं झकास बसवून दिली. चौथ्या दिवशी ढेकूळ त्याच्याच कानावर बसलं. तिनं हळद लावली.

"दुखतंय?"

"त्या कानात सांगा की... ह्यात नुसती शिट्टी वाजतीया."

ती हसली. घशातून आवाज आला नाही, पण हसली.

पंधरा दिवसांत दोघंही पार शिणले. उद्या काढणी. मग ती माळशिरसला आत्याकडं जाणार, तो सोलापूरला काचांकडं. रोज संध्याकाळी तिला मनातलं सांगायचं म्हणून तो तोंड उघडायचा — आणि जांभई यायची.

शेवटच्या संध्याकाळी त्यानं आधी मागं बघितलं. ढेकूळ घेतलंच नाही. रिकामी गोफण फिरवली — फासासकट सोडून दिली. ती बरोब्बर तिच्या पायाशी पडली.

"पंधरा दिस शिकवून ह्येच?"

"आज मुद्दाम सोडली." तो तिच्या माळ्यावर चढून आला. "राजनंदिनी... एकट्यानं राखण होत न्हाय. लई दमलोय. जन्मभर एकाच माळ्यावर बसू या का? आळीपाळीनं झोपू."

तिनं आधी मागं बघितलं. बाप दिसला नाही. मग गोफण उचलली, फास स्वतःच्या बोटात घातला आणि दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"सोडायचं न्हाय," ती म्हणाली. "आन् पयली झोप माझी."

त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ती खरंच झोपली. पाखरं निवांत कणसांवर उतरली. ओरडावं, तर ती जागी झाली असती...