नारिंगी मुठीचं भांडं

शनिवारी पहाटे साडेपाचला डेलियानं ईरोच्या मगात नारिंगी मुठीच्या भांड्यातली कॉफी ओतली.

बाहेर बर्फ भुरभुरत होता. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. व्हर्नाच्या कॉफीच्या दुकानात नारिंगी जाकिटं घातलेल्या शिकाऱ्यांची ही गर्दी. ईरो नेहमीच्या उंच स्टुलावर बसला आणि भरलेल्या मगाकडे बघतच राहिला.

"आज इतक्यात?"

"का? मी झटपट काम केलं तर दुखतं का तुला?"

"तसं नाही... सवय नाही."

ती हसली. मग रिकामा दिसला की न विचारता भरायचा, हा सगळ्याच दुकानांचा शिरस्ता. जाता-येता तिनं तो आणखी दोनदा भरला. दुसऱ्यांदा तर अर्धाच रिकामा होता... पण मग भरताना तो मान वर करून बघायचा, आणि तेवढ्यासाठी तिला निमित्त हवं होतं.

नंतर तो समोरच्या आइस हॉकीच्या मैदानावर कामाला गेला. खेळाआधी यंत्र फिरवून बर्फ गुळगुळीत करणं हे त्याचं काम.

डेलिया अमेरिकेच्या उबदार दक्षिणेतल्या जॉर्जियाची. तीन वर्षं ती गावोगावच्या कॉफीच्या दुकानांत राबत हिंडत होती. न्यू ऑर्लिन्सला चिकोरीची कॉफी शिकली, सिअ‍ॅटलला दुधाच्या फेसावर पानं काढायला. एका गावात एकच मोसम, हा तिचा नियम. सप्टेंबरात ती मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या या गावात आली. पुढचा मुक्काम न्यू मेक्सिकोतलं टाओस. तिथल्या दुकानाच्या मालकाला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते हवं होतं.

वसंतात ईरो बर्फावर चक्कर येऊन पडला होता. हृदयाचा ठेका चुकत होता. डॉक्टरनं कॉफी बंद केली. म्हणून तो कॅफिन काढलेली, डिकॅफ, मागायचा. गावात दुसरं कुणी ती पीत नसे, त्यामुळे डेलिया त्याच्यापुरती वेगळी करायची. कागदी गाळणीत पूड, वरून पाण्याची बारीक धार. चांगली चार मिनिटं लागत. तेवढा वेळ ती त्याच्यासमोर उभी.

"जॉर्जियात हिवाळ्यात काय करता?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"स्वेटर घालतो आणि कुरकुरतो."

"आणि इथं?"

"इथं स्वेटरनं भागत नाही. नुसती कुरकुरते."

आज मात्र धार धरायला सवड नव्हती. नारिंगी मूठ दिसली, तिनं भांडं उचललं. ती राबली त्या प्रत्येक दुकानात नारिंगी मूठ म्हणजे डिकॅफ. गर्दी म्हणून व्हर्नानंच आधी करून ठेवली असेल, असं तिला वाटलं.

सात वाजता व्हर्ना आतून ओरडली, "डेलिया, नारिंगी भांडं रिकामं कसं गं? शिकारी बोंबलतायत!"

"त्यांना डिकॅफ कशाला?"

"डिकॅफ? अगं, शिकाऱ्यांची कॉफी ती! दुप्पट पूड घालते मी. आजच्या दिवशी नारिंगी मूठ म्हणजे काय, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

गावाला होतं. डेलियाला नव्हतं. तीन मग... आणि शेवटचा केवळ त्यानं बघावं म्हणून.

ती एप्रनवरच धावली. मैदानावर यंत्र संथपणे फेऱ्या मारत होतं.

"ईरो! खाली उतर! आत्ताच्या आत्ता!"

यंत्र मधोमध थांबलं. तो कठड्यापाशी आला. "काय गं? दुकान पेटलं का?"

"छातीत कसं वाटतंय?"

"कोण विचारतंय?"

"चेष्टा नको! मी तुला खरी कॉफी पाजली. तीन मग. दुप्पट कडक."

"माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच घोटाला कळलं. आम्ही मूळची फिनलंडची माणसं, पाळण्यात कॉफी पितो."

"मग प्यायलास कशाला, मूर्खा!"

"डॉक्टरनं गेल्या महिन्यातच परवानगी दिली."

डेलियानं त्याचं मनगट धरलं. नाडी शांत, एका लयीत चालली होती. तिचा श्वास वाफ होऊन बाहेर पडला. मग हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"मग महिनाभर माझ्याकडून डिकॅफ का करून घेतलीस? तूच म्हणालास, पुठ्ठ्यासारखी लागते."

"लागतेच." तो बुटांकडे बघत म्हणाला, "पण साधी मागितली की तू ओततेस आणि पुढं जातेस... हिला चार मिनिटं लागतात."

तिनं त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"आता वाढलेत ठोके," ती हळूच म्हणाली.

"ती कॉफी नव्हे."

मागून खेळाडूंच्या आईबापांनी कठडा बडवला. "अहो, अर्धा बर्फ राहिलाय! लग्न नंतर ठरवा!"

ईरो कानापर्यंत लाल झाला. तरी जागचा हलला नाही. "डेलिया... टाओसला जाऊ नकोस. हे म्हणायला मला महिना लागला."

"आधी बर्फ पूर्ण कर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग शोधूनही सापडला नसता.

दुपारनंतर शिकारी परतले, ईरोही आला. व्हर्नानं डेलियाला आठवण करून दिली, "तुझ्या त्या टाओसवाल्याचं काय?"

"बघते," डेलिया म्हणाली. ईरोनं मान खाली घातली. मग तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती.

साडेचारला गावात दिवे लागले. टाओसचं घड्याळ इथल्यापेक्षा तासभर मागे चालतं. तिथं संध्याकाळ अजून व्हायची आहे. डेलियानं अद्याप काही कळवलेलं नाही.