दुसरं पाकीट

कंपनीने खोटं लिहिलं. बाकीचं नंतर, आधी एवढं नोंदवून घ्या.

खोटं एका ओळीचं होतं. "कर्मचारी क्रमांक ४१७२ हा स्वेच्छेने जहाजावरून उतरला असून त्याचे कंपनीकडे कोणतेही येणे राहिलेले नाही." खाली सही, सहीवर शिक्का. कोणत्या बंदरात उतरला, किती वाजता, कोणी पाहिलं, यातलं एक अक्षर नाही. नऊ वर्षं ज्याने तुमच्या पाहुण्यांचे पलंग घातले, त्याची बोळवण एका ओळीत.

४१७२ म्हणजे ताईचा नवरा. धाकटीचे भावजी.

ताईने ऑफिसांचे उंबरे झिजवले. बँक म्हणाली, मृत्यूचा दाखला आणा. पोलीस म्हणाले, कंपनी सांगते माणूस आपल्या पायांनी उतरला, मग दाखला कसला? कंपनीने फोन उचलणंच सोडलं. घर भावजींच्या नावावर, खातं त्यांच्या नावावर, पोरीच्या शाळेच्या फॉर्मवर बापाची सही हवी. "मी कोण आहे ते तरी सांगा कोणी," ताई म्हणायची. "बायको आहे की विधवा? काहीही चालेल मला. पण लेखी द्या."

म्हणून धाकटी जहाजावर लागली. आडनाव वेगळं, तेव्हा कोणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. तीच कंपनी, तेच सहलीचं जहाज, आणि सुपरवायझरच्या मागे लागून भावजींचाच मजला. सहावा मजला, डावी बाजू, सोळा खोल्या. खिडकी नसलेला लांब बोळ, पायाखाली निळा गालिचा, सारख्या अंतरावर सारखी दारं. या बोळात दिवस आहे की रात्र ते घड्याळ बघून कळायचं. टोकाला एक लोखंडी दार. त्याच्या पलीकडे गालिचा संपायचा आणि नोकरांचं जहाज सुरू व्हायचं: रंग उडालेल्या भिंती, पाइप, वाफ, फिनेलचा वास.

पूर्वी या सोळा खोल्यांना दोन माणसं होती. भावजी गेल्यावर कंपनीने एकच ठेवलं. म्हणजे माणूसही वाचला आणि पगारही.

पगार तरी काय? नावाला. पोट टिपवर. दर पाहुण्याच्या बिलात रोजची टिप आपोआप लागते आणि सात दिवसांची फेरी संपली की ती सगळ्यांत वाटली जाते. पण पाहुण्याला ती काढूनही घेता येते. शेवटच्या सकाळी खालच्या काउंटरवर लांबच लांब रांग असायची, बिलातून टिप काढणाऱ्यांची. सात दिवस "तू अगदी घरच्यासारखी गं" म्हणणारी बाई त्या रांगेत दिसली की धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. घरच्यासारखी म्हणजे फुकटची, हे तिला पहिल्याच फेरीत कळलं.

महिनाभर तिने भावजींबद्दल हळूच विचारून पाहिलं. "होता एक," यापुढे कोणाची गाडी जाईना. चेहरा कसा होता विचारलं तर सगळेच अडखळायचे. नऊ वर्षं बरोबर जेवलेली माणसं!

मग लॉन्ड्रीची गोष्ट झाली.

जहाजावर एक आतली टिप असते. पाहुणे आपल्याला देतात, त्यातली थोडी आपण लॉन्ड्रीवाल्याला द्यायची. नाही दिली तर चादरी शेवटी मिळणार, त्याही सुरकुतलेल्या. ही टिप धाकटीला दुसऱ्या महिन्यात कळली. तोवर तिच्या चादरी कशा कोण जाणे, सगळ्यांच्या आधी आणि कडक इस्त्रीच्या येत होत्या. आपल्याला नवीन म्हणून सवलत असेल, असं तिने धरलं होतं.

लॉन्ड्रीवाल्याला सगळे वाफ्या म्हणत. वाफ बाहेर येऊ नये म्हणून त्याचं शटर कायम अर्ध्यावर ओढलेलं असे. खालून नुसते हात दिसत. तिने नोट पुढे सरकवली. आतून ती परत आली.

"दोनदा घेत नाही मी," वाफ्या म्हणाला. "धंद्याला काही लाज असते."

"पण मी दिलेच नाहीत."

"तुझ्या जोडीदाराने दिले. दर फेरीला देतो."

"माझ्या लाईनीत मी एकटी आहे."

"मग हात काय वरून पडतो? हात येतो, नोट ठेवतो, चादरी नेतो. मी काय वाकून थोबाडं बघत बसू? कंबर आहे का माझी तेवढी?"

"कशी नोट? दाखव."

त्याने कुरकुरत बिस्किटांचा डबा शटरखालून ढकलला. आत नोटा होत्या. दोन्ही बाजूंनी दुमडून, टोक आत खुपसून केलेल्या छोट्या चौकोनी घड्या, मध्ये फुगीर.

धाकटीचा हात तिथेच थांबला. भावजी सुट्टीवर आले की तिला अशीच नोट द्यायचे. "घ्या मेव्हणीबाई, उशी. डोक्याखाली ठेवा, श्रीमंतीची स्वप्नं पडतील." ती म्हणायची, "भावजी, एवढ्याशा उशीवर माझा कानसुद्धा मावत नाही." हा विनोद दर वर्षी व्हायचा आणि दर वर्षी दोघं हसायची.

तिने एक उशी उचलली. दमट होती.

"त्याच्या ओल्याच येतात," वाफ्या म्हणाला. "घामट दिसतोय गडी."

लॉन्ड्रीत सगळंच दमट असतं, असं धाकटीने स्वतःला बजावलं. घडी भावजींनी कोणाला शिकवली असेल. कोणीतरी जुना मित्र उपकार फेडत असेल. ती देवभोळी नव्हती. ताईच्या फायलीतला प्रत्येक कागद तिने स्वतः नंबर घालून लावला होता.

त्याच फेरीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तेराव्या खोलीतल्या काठीवाल्या आजींनी तिला आत बोलावलं. त्यांचा मुलगा कपाळाला आठ्या घालून बॅगा मोजत होता.

"माझ्या या हुशार मुलाने बिलातली टिप काढून घेतली," आजी त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या. "म्हणून ही पाकिटं. एक तुझं. दुसरं त्याचं."

"कोणाचं?"

"अगं, तुझ्याबरोबर असतो ना तो. दुपारी आम्ही जेवायला निघालो की बोळात असतो. भिंतीला पाठ लावून बाजूला होतो आणि मान खाली घालतो. काय त्याची अदब! सात दिवसांत एकदा मान वर केली नाही."

"आई, कोणी नसतं तिथे," मुलगा म्हणाला.

"तू फोनात असतोस," आजी म्हणाल्या.

पाहुणे गेले. नवे पाहुणे यायला चार तास होते आणि सोळा खोल्या पडल्या होत्या. धाकटी दोन पाकिटं खिशात घालून कामाला लागली. तेराव्या खोलीत तिने नवी चादर झटकली. मोठा पलंग, एकट्या माणसाला चार फेऱ्या माराव्या लागतात. चादर हवेत फुगली, पलीकडची भिंत दिसेनाशी झाली.

आणि चादर ताणली गेली.

धक्का नव्हता. सवयीच्या माणसाने दुसरं टोक धरावं आणि "हं, चल" म्हणावं, तेवढाच ताण. धाकटीच्या हातांना तो आधी कळला, तिला नंतर. हातांनी आपोआप कोपरा दुमडला, गादीखाली खोचला. चादर खाली बसली. पलीकडे कोणी नव्हतं. पलीकडचे दोन्ही कोपरे खोचलेले होते.

तिने पलीकडे जाऊन एक कोपरा चाचपला. मग घसा खाकरून म्हणाली, "भावजी, ताईला काय सांगू?"



खरं तर इथेच गप्प बसायला हवं होतं. पुढे कित्येकदा तिने स्वतःला हेच सुनावलं. पण चादर धरणाऱ्या हाताचा ताईला काय उपयोग? ताईला कागद हवा होता. आणि कागद मिळवायची वाट धाकटीच्या खिशातच होती. नियम असा: ज्या पाहुण्याने बिलातली टिप काढली, त्याने हातात दिलेलं पाकीट ठेवून घ्यायचं नाही. ऑफिसात जमा करायचं आणि फॉर्मवर लिहायचं, कोणासाठी दिलं, त्याचा नंबर. एरवी या नियमाला ती शिव्या घालायची. आज तिला तो सापडलेल्या किल्लीसारखा वाटला. कंपनीला स्वतःच्याच फॉर्मवर उत्तर द्यावं लागणार होतं.

तिने दोन फॉर्म भरले. पहिल्यावर स्वतःचा नंबर. दुसऱ्यावर, स्वच्छ अक्षरात, ४१७२.

पर्सर, म्हणजे जहाजाचे पैसे आणि कागद सांभाळणारा साहेब, काचेमागे बसायचा. काचेला खाली फट. त्याने मान वर न करता फॉर्म ओढले, नंबर दाबला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पुढे."

"काय बरोबर आहे?"

"नंबर चालू आहे. पैसे वाट्यात धरले. पुढचा कोण?"

"साहेब, हा माणूस गेल्या वर्षी उतरला म्हणून कंपनीने घरी पत्र पाठवलंय."

आता पर्सरने स्क्रीनकडे नीट पाहिलं. मग वाट्याची वही ओढली आणि पानं उलटली. दर फेरीला, दर पानावर, ४१७२ समोर वाटा आणि वाट्यासमोर सही. एकही फेरी चुकली नव्हती. सही धाकटीने ओळखली. पोरीच्या जुन्या प्रगतिपुस्तकावर हीच होती.

"वाटा कोण नेतं, साहेब?"

"जो सही करतो तो."

"कोण करतं सही?"

"हे बघ बाई, फटीतून वही जाते, सही होऊन येते. दीडशे लोकांची रांग असते. मी काय तोंडं बघत बसू?" त्याच्या आवाजात भीती नव्हती. नुसता वैताग होता. "जुना नंबर काढायचा राहून गेलाय. चूक झाली, दुरुस्त करतो."

"काढू नका! आधी मला लेखी द्या की हा माणूस..."

"तूच तक्रार केलीस ना? मग?" त्याने बटण दाबलं. वहीतल्या ओळीवर पट्टी ठेवली आणि लाल रेघ ओढली. "झालं. मिटलं."

खालच्या मजल्यावर, जहाजातून धक्क्यावर उतरायच्या दारात, कार्ड लावलं की माणसाचा फोटो दाखवणारं यंत्र टिंग वाजलं.

ते यंत्र दिवसातून हजारदा वाजतं. तरी धाकटी धावली.

जिना. लोखंडी दार. ऊन.

दारातला पहारेकरी यंत्राच्या पडद्यावर थापट्या मारत होता. "बिघडलंय साला," तो म्हणाला. "फोटो आला, माणूसच नाही."

"कोणाचा फोटो?"

"गेला आता. मान खाली होती. असा फोटो पास कोण करतो?"

उतरायची शिडी रिकामी होती. शिडी हलत होती.

धक्क्यावर बॅगांच्या गाड्या उभ्या होत्या. शिडीच्या शेवटच्या पायरीपाशी काँक्रीट ओलं होतं. त्याच्या पुढे कोरडं.

पुढच्या फेरीला चादरी शेवटी आल्या, सुरकुतलेल्या. वाफ्या शटरखालून म्हणाला, "तुझ्या लाईनीचं पोचलं नाही या वेळी." धाकटीने नोट ठेवली. सोळा पलंगांना तिने प्रत्येकी चार फेऱ्या मारल्या. दर चादर झटकताना ती क्षणभर थांबायची. चादर हवा सुटून तिच्याच अंगावर यायची.

दहाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"पत्र आलंय. कंपनीचं."

"काय लिहिलंय?"

"तेच. स्वेच्छेने उतरला, येणं राहिलेलं नाही. पण या वेळी तारीख आणि वेळ घातलीय." ताईने वाचून दाखवली. तारीख लाल रेघेच्या दिवसाची होती, वेळ दुपारची. "आणि पाकिटात एक नोट आहे गं. त्यांची असते ना, उशी. कंपनी कधीपासून अशा घड्या घालायला लागली?"

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काय करू तिचं?" ताई म्हणाली. "तीन दिवस झाले उन्हात ठेवतेय. वाळतच नाहीये."

तर साहेब, तुमची दोन्ही पत्रं ताईपाशी आहेत. दोन्हींवर तुमची सही, तुमचा शिक्का, दोन्हींत तीच ओळ, आणि मध्ये एका वर्षाचं अंतर. ताई तुमच्याकडे टिप मागत नाही, भरपाई मागत नाही. तिने एकच विचारलंय, आणि ते लेखी विचारलंय: एकच माणूस एकाच जहाजावरून दोनदा कसा उतरला, आणि दोन्ही वेळा किनाऱ्यावर का पोचला नाही?

उत्तर द्या. तोंडी नको.