अण्णांच्या न्हाणीघरातला वास

सकाळी साडेआठला फोन वाजला. पलीकडची बाई नमस्कारही न करता म्हणाली, "आत्ताच्या आत्ता या. दुपारी चारच्या आत काय ते कळलं पाहिजे."

गिझर दुरुस्त करत फिरणाऱ्या गिझरवालीला असली माणसं रोज भेटत. गार पाण्यानं आंघोळ करायची वेळ आली की भल्याभल्यांना जगबुडी आल्यासारखं वाटतं. टाकी गळतेय का, शॉक बसतोय का, असं तिनं कंटाळून विचारलं. तसलं काही नव्हतं.

"वास येतो," बाई म्हणाली. "तो माणसाचा की पाण्याचा, एवढं सांगा."

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. म्हणून ती गेली.

घर मोठं, टापटीप आणि गुदमरवणारं होतं. हॉलमध्ये दोन उदबत्त्या जळत होत्या, कोपऱ्यात सुगंधी फवाऱ्याचा डबा होता. दार उघडणारी सूनबाई नाकाला रुमाल लावूनच बोलत होती. तिनं दारातच सगळं सांगून टाकलं. दोन महिने सासऱ्यांच्या अंगाला नासक्या अंड्यासारखा वास येत होता. डॉक्टर झाले, औषधं झाली. अण्णा बिचारे दिवसातून तीनदा अंग घासत, तरी वास वाढतच होता. शेवटी शरमेनं तेच म्हणाले, मला वृद्धाश्रमात पोचवा. चार वाजता गाडी येणार होती.

"मग आज मला कशाला बोलावलंत?"

"काल माझ्या न्हाणीघरात पाणी तुंबलं होतं. स्वेटर अण्णांच्या इथं गरम पाण्यात धुतला. आता माझ्या हातांनाही तोच वास येतोय."

एवढ्यात अण्णांचे चिरंजीव आले. पन्नाशीचे, गुळगुळीत दाढीचे, गोड आवाजाचे. बायकोनं परस्पर मिस्त्री बोलावलेली त्यांना आवडली नव्हती, पण त्यांचा आवाज काही चढला नाही. अशा माणसांचा आवाज कधीच चढत नाही. त्यांची कामं त्याशिवाय होतात. त्यांनी आतून आलेल्या अण्णांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला, त्यांना खुर्चीत बसवलं, आणि पाठ वळताच खिशातली बाटली काढून हातांना लिंबाच्या वासाचं सॅनिटायझर चोळलं. अण्णांनी ते पाहिलं आणि नजर खाली घातली.

गिझरवालीच्या मनात त्या क्षणी चिरंजीवांबद्दल जे मत झालं, ते पुढे बदलण्याची वेळ आली नाही.

ती न्हाणीघराकडे वळली तसे चिरंजीव घाईनं पुढे झाले. आत पाणी सांडलंय, जरा पुसून घेतो, म्हणाले. घरात कधी फडकं हातात न धरणारा नवरा फरशी पुसायला निघालेला पाहून सूनबाईंच्या भुवया वर गेल्या. दार पाच मिनिटं बंद होतं. तेवढ्या वेळात गिझरवाली अण्णांच्या खोलीत डोकावली. पलंग, पुस्तकं, खिडकी. खिडकीलगतच्या भिंतीवर पेन्सिलीच्या ताज्या रेघा होत्या आणि शेजारी लांबी-रुंदीचे आकडे.

मग तिनं दोन तांबे भरले, एक गार पाण्याचा, एक गरम. दोन्ही सूनबाईंच्या नाकाशी धरले. गारला वास नव्हता. गरम हुंगताच सूनबाई मागे सरकल्या.

"तुम्ही दोघं आंघोळ करता तेव्हा पाण्याला हा वास कधी आला नाही?"

आला नव्हता. त्यांच्या न्हाणीघरात टाकी नसलेला छोटा हीटर होता, पाणी जाता जाता तापवणारा. हा मोठा टाकीचा गिझर एकटे अण्णा वापरत.

गिझरवालीनं हॉलमध्ये बसून विचारायला सुरुवात केली.

"या गिझरला शेवटचा हात कोणी लावला?"

"आठ वर्षांत कोणी नाही," चिरंजीव म्हणाले. "बसवला तसा आहे."

"पाणी कोमट का येतं मग?"

"ते मी कमी केलं. अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, चटका बसायला नको म्हणून."

"ऑपरेशन कधी झालं?"

उत्तर अण्णांनी दिलं. "दोन महिने झाले. दोन दिवस दवाखान्यात होतो. सूनबाई होती सोबत. रात्रभर खुर्चीत बसून राहिली."

"आणि वास कधीपासून?"

"घरी आल्यावर आठवड्याभरात."

गिझरवाली उठली. बटण बंद करून तिनं गिझरच्या तळाची प्लॅस्टिकची टोपी काढली आणि उलटी करून बराच वेळ पाहिली. नाकाजवळ नेली. मग टाकी रिकामी केली, पाना लावून आतला रॉड बाहेर ओढला. तो जवळजवळ कोरा होता. आट्यांवर पांढरी टेप गुंडाळलेली होती, गरजेपेक्षा तिप्पट. ही सवय एकाच मिस्त्रीची, लांब्याची; ती ओळखून गिझरवाली स्वतःशीच हसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याला फोन लावून तिनं घराचा पत्ता सांगितला.

"लांब्या, या घरचा रॉड तू बदललास?"

"हो, दोन महिन्यांपूर्वी. गंजाचं पाणी येत होतं. का गं?"

"वासाचं कोणाला सांगितलं होतंस?"

"साहेबांनाच. आठवड्याभरानं त्यांचाच फोन आला, वास सुटला म्हणून. म्हटलं, दुसरा रॉड घालतो, तासाभराचं काम आहे, तोवर पाणी चांगलं कढत ठेवा. तर म्हणाले, राहू दे, घाई नाही."

सूनबाईंनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"आता ऐका," गिझरवाली अण्णांकडे वळून म्हणाली. चिरंजीवांकडे बघायचीही तिला इच्छा नव्हती. "टाकी गंजू नये म्हणून आत हा रॉड असतो. टाकीऐवजी तो झिजतो. हा मॅग्नेशियमचा आहे. काही पाण्यात बारीक जंतू असतात, ते या रॉडच्या संगतीनं नासक्या अंड्याचा वास तयार करतात. कोमट पाण्यात त्यांची चंगळ होते, कढत पाण्यात मरतात. तुमच्या अंगाला काही झालेलं नाही. वास घालवायला तुम्ही जितकं अंग घासत होतात, तितकं तेच पाणी अंगावर घेत होतात."

अण्णांचा हात नकळत स्वतःच्या मनगटावर गेला. घासून घासून तिथली कातडी लाल झाली होती.

"तुम्ही दोघं दवाखान्यात होतात तेव्हा घरी एकच माणूस होता. त्यानं लांब्याला बोलावलं आणि ते लपवलं. वास सुटल्यावर उपाय विचारून घेतला आणि बरोबर उलटं केलं, पाणी आणखी कोमट ठेवलं."

"काहीतरीच काय," चिरंजीव म्हणाले. "फोनचं माझ्या लक्षातून गेलं असेल. त्याला तुम्ही..."

"मग फरशी का पुसलीत? फडकं तर कोरडंच बाहेर आलं. आम्ही मिस्त्री लोक टोपीच्या आतल्या बाजूला तारीख आणि काय केलं ते लिहून ठेवतो, पुढच्या मिस्त्रीसाठी. आठ वर्षांच्या धुळीत या टोपीवर तळहाताएवढा भाग स्वच्छ आहे, आणि त्याला लिंबाचा वास येतोय. या घरात लिंबाचा वास एकाच खिशात आहे."

सूनबाईंनी टोपी हातात घेतली, हुंगली. "कशासाठी पण?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "असं काय अडलं होतं तुमचं?"

गिझरवालीनंच सांगितलं, "अण्णांच्या खोलीत खिडकीशी यांचं टेबल बसतं का, ते मोजून झालंय. भिंतीवर आकडे आहेत."

तेव्हा कुठे चिरंजीवांना कंठ फुटला. आता कामं घरूनच करावी लागतात, उजेडाची खोली हवी होती. आणि अण्णांना तिथं बरोबरीची माणसं मिळाली असती, त्यांच्याच भल्याचं होतं सगळं. खुनी माणसाचं निदान काहीतरी मोठं कारण असतं. या गृहस्थांनी जन्मदात्या बापाला स्वतःच्या अंगाची किळस आणली होती, आणि ती एका टेबलासाठी.

गिझरवाली कामाला लागली. जस्त मिसळलेला ॲल्युमिनियमचा रॉड बसवला, टाकीत जंतू मारायचं औषध घालून दोन तास ठेवलं, सगळं पाणी दोनदा सोडून दिलं. नव्यानं भरलेलं पाणी साठ अंशांच्या वर तापवलं. यापुढे ते तेवढंच ठेवा आणि बादलीत गार मिसळून घ्या, असं अण्णांना दोनदा बजावलं.

साडेतीनला अण्णा आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा दारात आश्रमाची गाडी उभी होती. ते ओल्या केसांनी सरळ मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि हात त्याच्या नाकाशी धरला.

"वास घे."

"अण्णा, असं काय करता..."

"घे."

चिरंजीवांनी घेतला.

"येतो?"

"नाही."

"दोन महिने मी माझ्या अंगावरचा वारा तुझ्याकडे जाऊ नये म्हणून भिंतीला चिकटून चालत होतो. तो कशाचा वास आहे ते तुला ठाऊक होतं?"

चिरंजीवांनी होकारार्थी मान हलवली.

"हे घर माझं आहे," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाजही चढला नाही. "सूनबाई हवं तितके दिवस राहील. तू उजेडाची खोली दुसरीकडे बघ. आजच."

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं. ती आत गेली, पलंगावरची अण्णांची भरलेली बॅग उघडून एकेक कपडा परत कपाटात लावला, आणि रिकामी बॅग आणून नवऱ्याच्या हातात दिली.